एकोणचाळीस नंबरने फिरायला

बुरुलच्या घरात फ्रिजवर एक कॅलेंडर चिकटवलेलं होतं. लाल गोल म्हणजे बुरुलची ड्यूटी, निळा गोल म्हणजे कुबानची. बुरुल बिश्केकच्या डेपोत बस चालवायची, दोन दिवस काम आणि दोन दिवस सुट्टी. कुबान सोफ्यांच्या कारखान्यात कापड चढवायचा. त्याला आठवड्यातून एक सुट्टी, आणि लग्नसराई असली की तीही नाही. एकही गोल नसलेली तारीख महिन्यात एखादी निघाली तर निघायची. एप्रिलमध्ये निघाली नव्हती. मे महिन्यातला तिसरा रविवार मात्र स्वच्छ कोरा होता आणि त्या एका रविवारावर महिनाभर सगळ्यांचा डोळा होता.

शनिवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर चौघं चहाला बसली, तेव्हा विषय निघालाच.

"गालिचे धुवायचेत," बुरुल म्हणाली. "सगळ्या चाळीने धुतले. आपलेच राहिलेत."

"उद्या चुलतभावाच्या बाळाला पाळण्यात घालायचंय," कुबान म्हणाला. "आपाचा दोनदा फोन आला. सगळं गाव येणार आहे म्हणाली."

आपा म्हणजे कुबानची आई. ती गावी राहायची, बसने तीन तासांवर.

"आणि झुले?" सेझिमने विचारलं. सेझिम साडेपाच वर्षांची होती आणि हिशेबाला पक्की. "झुल्यांना जायचं म्हणून तुम्ही तीनदा म्हणालात. एकदा बाबांचा सोफा आला. एकदा आईची बदली ड्यूटी आली. एकदा पाऊस आला."

"पाऊस आम्ही नव्हता आणला," कुबान म्हणाला.

तीन वर्षांचा बायेल टेबलाखाली बसून चमचा चाटत होता. त्याचं मत कुणी विचारलं नाही.

बुरुलने नवऱ्याकडे पाहिलं. समारंभाला गेलं की अख्खा दिवस बायकांच्या घोळक्यात भांडी घासण्यात जाणार, मुलं कुणाच्या तरी अंगणात मातीत लोळणार, आणि संध्याकाळी दोघं थकून परत येणार, एकमेकांशी एक शब्द न बोलता. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. पण आईला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं.

"पोरीला विचारू," बुरुल म्हणाली. "सेझिम, उद्या कुठं जायचं ते तू सांग. खरंच तिथंच जाऊ."

सेझिमने फार विचार केला नाही. "तुझ्या बसमध्ये बसायचं."

बुरुलला हसू आलं. "अगं, आपली चौघांची मिळून एवढी एकच सुट्टी आणि ती मी बसमध्ये घालवू? झुल्यांना चल की."

"झुले बालवाडीतल्या तैमूरने पण पाहिलेत. तैमूर म्हणतो, बायका मोठी बस चालवत नाहीत. मी म्हटलं माझी आई चालवते, तर म्हणतो खोटं बोलतेस." सेझिमने कप खाली ठेवला. "आणि आजी पण म्हणते तू ऑफिसात असतेस. मग खरं कोण बोलतं?"

कुबान एकाएकी बायेलच्या तोंडातून चमचा काढायच्या मागे लागला.

ऑफिसची भानगड त्याचीच होती. गेल्या वर्षी बुरुलने मोठ्या गाडीचं लायसन काढलं तेव्हा त्याच्या आईने फोनवर म्हटलं होतं, "चांगल्या घरची सून परक्या पुरुषांना गाडीत घालून गावभर फिरवणार होय?" त्यावर कुबानने घाईघाईत सांगून टाकलं होतं, की नाही, तिला डेपोच्या ऑफिसात घेतलंय, कागदपत्रं बघते. तेवढ्यापुरतं बोललेलं ते वर्षभर तसंच राहिलं. बुरुलने भांडण काढलं नव्हतं. पण गावी गेलं की सासू तिला म्हणायची, "बसून बसून तुझी पाठ दुखत असेल गं," आणि बुरुल मान हलवून हो म्हणायची, तेव्हा तिला आतून कुठंतरी टोचायचं. पहाटे पावणेपाचला उठून, डेपोत डॉक्टरला नाडी दाखवून, टायरला लाथ मारून बघून मग ती चाकावर बसायची. त्यातलं काहीच गावाला माहीत नव्हतं.

"ठरलं," बुरुल म्हणाली. "उद्या बस. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ, पुढे ओढ्यावर बसून जेवू."

कुबानने आईला फोन लावला. बायेलला खोकला झालाय, यायला जमणार नाही, असं सांगितलं. ते ऐकून बायेल टेबलाखालून बाहेर आला आणि झोपेपर्यंत मन लावून खोकत राहिला.

एरवी बुरुल उठल्यापासून अकरा मिनिटांत घराबाहेर पडायची. रविवारी चौघांना बाहेर पडायला दीड तास लागला. बायेलला नवे बूट नको होते, जुने होत नव्हते. सेझिमला बालवाडीतल्या समारंभाचा पांढरा झालरीचा फ्रॉकच हवा होता. कुबानने बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पिशवीत भरले, त्यावर उकडलेली अंडी, त्यावर काकड्या, आणि पाण्याची बाटली घरीच विसरून तिसऱ्या मजल्यावर परत चढला. जादा चड्डी, जादा मोजे, ओले रुमाल, टोप्या. कोपऱ्यावरच्या पिंपातून मक्सिमची, धान्याच्या आंबूस थंडगार पेयाची, बाटली भरून घेतली, तोवर पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीने गॅलरीतून विचारलं, "गालिचे केव्हा काढताय?"

"पुढच्या महिन्यात," बुरुल म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

तिचा एकोणचाळीस नंबर त्यांच्या वस्तीवरून जात नसे, म्हणून मुलांनी आईची बस कधी पाहिलीच नव्हती. दोन गल्ल्या चालून, एक दुसरी बस बदलून ते तिच्या मार्गावर आले. बस वळणावर दिसली तशी बुरुलने सवयीने आधी पुढची काच पाहिली आणि मग चाकावर कोण आहे ते पाहिलं. मेरिम होती.

मेरिम तेवीस वर्षांची. दोन महिने बुरुलच्या शेजारी उभी राहून शिकलेली आणि आता एकटीने चालवायला लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले. दार उघडलं आणि समोर बुरुलला पाहून तिचा चेहरा पडला.

"एझे, तुम्ही तपासणीला आलात?"

एझे म्हणजे ताई. मेरिम बुरुलला तसंच म्हणायची.

"फिरायला आलोय गं. ही माझी मुलं, हा माझा नवरा. तू तुझं चालव."

दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. सेझिम खिडकीशी, तिच्याशेजारी बुरुल. पलीकडे कुबान, मांडीवर बायेल. बस निघाली. बुरुलने आजवर हा रस्ता हजारदा पाहिला होता, पण नेहमी समोरून. बाजूच्या खिडकीतून तो तिला अनोळखी वाटला. औषधाच्या दुकानावर लाल कौलं होती हे तिला आजच कळलं. बसल्या जागी तिचा उजवा पाय मात्र प्रत्येक सिग्नलला खाली दाबला जात होता.

"पाय काढ," कुबान हळूच म्हणाला. "खाली भोक पडेल."

"उशिरा दाबते ब्रेक," बुरुल पुटपुटली. "थोडा उशिरा. पण हळू दाबते."

"तू सुट्टीवर आहेस."

बाजार जवळ आला तशी बस भरत गेली. रविवारची माणसं, मुळ्याच्या जुड्या, पिशव्या, सार्वजनिक न्हाणीघरातून आंघोळ करून आलेली म्हातारी. एक टोपीवाला गृहस्थ टोमॅटोच्या रोपांचा मोठा खोका घेऊन चढला आणि पहिल्या रांगेत बसून तो त्याने मांडीवर धरला, लहान मूल धरावं तसा. बाजाराच्या टोकाला उजवीकडे वळायचं होतं. हे वळण रोजही अवघडच, आणि आज नेमकी आतल्या कोपऱ्यावर कुणीतरी पांढरी गाडी लावून बाजारात गेलेलं. पलीकडे भाजीचा ट्रक उभा.

मेरिमने बस थोडी पुढे घेतली आणि थांबवली. मागे भोंगे सुरू झाले.

बुरुलला ते वळण हाताला पाठ होतं. सरळ पुढे जायचं, मोह आवरून पुढेच जायचं, डावा आरसा चपलांच्या दुकानाच्या खांबाशी आला की मग स्टिअरिंग पूर्ण मारायचं. उजवं मागचं चाक आत कापतं, ते आरशात बघायचं, आणि डावीकडून बसचं शेपूट बाहेर फेकलं जातं, तेही विसरायचं नाही. पांढऱ्या गाडीमुळे जेमतेम वीतभर जागा उरली होती. पण होती. बस निघाली असती.

"झालं," रोपांचा खोका धरलेला गृहस्थ मोठ्याने म्हणाला. "बाई बसली चाकावर की असंच. आता इथंच मुक्काम."

"घरी भांडी आपटायची सोडून," मागून कुणीतरी दुजोरा दिला. दोघं तिघं हसले.

मेरिमचे कान मागूनही लाल दिसत होते. बुरुलचा हात पुढच्या दांडीवर गेला. उठायचं, पुढे जायचं, "सरक गं" म्हणायचं, एका मिनिटाचं काम.

"आई, तू जा ना," सेझिम म्हणाली. "तुला येतं."

मेरिमने आतल्या आरशात वर पाहिलं. तिची नजर थेट बुरुलला येऊन भिडली. त्या नजरेत काय होतं ते बुरुलला नेमकं कळलं, कारण गेल्या हिवाळ्यात पहिल्या बर्फात चढावर बस अडकली तेव्हा तिनेही असंच आरशात पाहिलं होतं, आणि मागे कुणीच ओळखीचं नव्हतं. आता आपण उठलो, तर ही पोर या मार्गावर या माणसांसमोर पुन्हा ताठ बसणार नाही. बुरुलने दांडीवरचा हात काढला. पाठ टेकून बसली आणि आरशात बघत एकदाच मान हलवली, हळू.

"ती बस तिची आहे," ती सेझिमला म्हणाली. "तिलाही येतं."

मेरिमने हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरली.

"पळाली," खोकेवाला म्हणाला.

"पळाली नाही, फट बघतेय," कुबान म्हणाला.

बुरुलने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. कुबान परक्या माणसांशी बोलणाऱ्यातला नव्हता. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी तो गप्प घरी यायचा.

"तुला काय माहीत?" खोकेवाल्याने मान वळवली.

"माझी बायको याच मार्गावर बस चालवते. एकोणचाळीस नंबर. ही शेजारी बसलीय." बायेलला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेत कुबान म्हणाला. त्याचा आवाज मागच्या दारापर्यंत पोचला. "या मुलीला तिनंच शिकवलंय. उतरून बघायचं, लाजायचं नाही, हे पण तिनंच शिकवलंय. तुम्ही, आबा, जरा दम धरा. रोपं सांभाळा."

मग आंघोळीहून आलेली म्हातारी मागे वळली आणि बुरुलला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "सकाळच्या पहिल्या बसला असतेस ती तू होय? टोपीमुळं ओळखलं नाही. माझ्यासाठी थांबतेस तू."

"तुम्ही धावता म्हणून थांबते," बुरुल म्हणाली. तोंड तापलं होतं.

मेरिम परत चढली. दोन्ही बाजूंना चालत जाऊन तिने पावलांनी जागा मोजली होती. बसली, आरसा ठीक केला, कुणाकडेही न बघता म्हणाली, "उभे असतील त्यांनी धरून राहा." बस सरळ पुढे गेली. आणखी पुढे. ट्रकला नाक लागणार असं वाटेपर्यंत पुढे. आरसा खांबाशी आला आणि मेरिमने स्टिअरिंग पूर्ण मारलं. एकदा थांबली, हातभर मागे घेतली, पुन्हा वळवली. पांढरी गाडी खिडकीखालून हळूहळू मागे गेली. सेझिमने काचेला नाक लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "एवढीशी जागा आहे. माझ्या हाताएवढी. लागली नाही."

बस वळून सरळ झाली. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. लोक आपापल्या पिशव्या सावरायला लागले. खोकेवाला गृहस्थ दोन थांबे खाली बघत बसून राहिला. उतरताना तो चालकाच्या दारापाशी घुटमळला आणि घसा साफ करून मेरिमला म्हणाला, "एकही रोप आडवं झालं नाही." आणि उतरून गेला.

बुरुलच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं. तिला डेपोत एकदा बक्षीस मिळालं होतं, वर्षभर एकही अपघात न केल्याबद्दल. हार घातला होता, फोटो काढला होता. तेव्हा असं वाटलं नव्हतं. तिने पलीकडे पाहिलं. कुबान बायेलच्या टोपीचा बंद बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"कुबान."

"हं."

"काही नाही," बुरुल म्हणाली.

शेवटच्या थांब्यावर रस्ता संपायचा आणि पलीकडे हिरव्या टेकड्या, त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर अगदी जवळ आल्यासारखे उभे असायचे. लोक उतरून पांगले. मेरिमने इंजिन बंद केलं, खाली आली आणि बसच्या सावलीत उकिडवी बसली. बुरुलने तिला मक्सिम ओतून दिलं.

"मला वाटलं तुम्ही उठणार," मेरिम म्हणाली.

"मलाही वाटलं."

"चुकलं काही?"

"ब्रेक जरा आधी दाबत जा. बाकी मला तुझ्याहून चांगलं जमलं नसतं. आज तर नसतंच."

मेरिमने कप एका दमात रिकामा केला. पुढच्या फेरीला पंधरा मिनिटं होती. सेझिम तिच्यासमोर येऊन उभी राहिली, फ्रॉकची झालर नीट केली आणि विचारलं, "मी बसू का चाकावर? माझी आई म्हणाली ही बस तुझी आहे, म्हणून तुला विचारते."

मेरिमने तिला उचलून बसवलं. सेझिमचे पाय अधांतरी आणि चाकाच्या वर नुसते डोळे दिसत होते. बायेललाही बसायचं होतं, त्याला तिच्या मागे कोंबला. बुरुल त्यांच्या शेजारी पायरीवर उभी राहिली, एक हात चाकावर ठेवून. कुबानने फोटो काढला. मग बराच वेळ फोनकडे बघत उभा राहिला.

"तैमूरच्या आईला पाठवतोयस?" बुरुलने विचारलं.

"तिला पण," कुबान म्हणाला, आणि त्याने बोट दाबलं.

ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेला लागेपर्यंत फोन वाजला. आपा. मागे समारंभाचा गलका, मुलांचं रडणं, भांड्यांचे आवाज. कुबानने फोन कानाला लावला, मग बुरुलला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"बायेलचा खोकला कसा आहे?" आपाने विचारलं.

"आपा, त्याला खोकला नाही," कुबान म्हणाला. "आम्ही फिरायला आलोय. आणि आपा, बुरुल ऑफिसात नाही. ती बस चालवते. वर्ष झालं. मी खोटं बोललो तुझ्याशी."



"मला हिवाळ्यापासून ठाऊक आहे," आपा म्हणाली. "आपली शेजारची झामाल दवाखान्यात आली होती शहरात, ती बसली होती तिच्या बसमध्ये. येऊन सांगितलं मला. म्हणाली, बर्फात गाडी अशी थांबवते, जशी निजलेलं बाळ खाली ठेवावं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? माझ्या पोराला तोंड फुटायला किती दिवस लागतात ते बघत होते." मग आवाज थोडा खाली आला. "मी पण तेव्हा नको ते बोलले. सून ऐकतेय का?"

"ऐकतेय, आपा," बुरुल म्हणाली.

"फोटो इथं सगळ्यांनी पाहिला. बाळापेक्षा तुझाच फोटो जास्त फिरतोय. ती टोपी मात्र वाईट आहे, दुसरी घे. आणि पाठीला काही बांधत जा, दिवसभर गाडीत हादरे बसतात. आता ठेवते, इथं भात करपतोय."

फोन बंद झाला. कुबानने तो खिशात ठेवला. कपाळावरचा घाम पुसला आणि एकदम हलका होऊन हसायला लागला. बुरुलही हसली. हसता हसता तिला रडू आलं, तसं तिने पिशवीत ओले रुमाल शोधायचं निमित्त केलं.

ओढ्याच्या काठी गवतावर त्यांनी चादर अंथरली. पाणी बर्फाचं होतं. बायेलने पाय घातला, किंचाळला आणि पुन्हा घातला. अंडी, काकड्या, बोर्सोक सगळं संपलं. पांढऱ्या फ्रॉकवर मक्सिमचा मोठा डाग पडला आणि कुणी कुणाला रागावलं नाही. बुरुल चादरीच्या कडेला आडवी झाली. डोळ्यांवर हात ठेवला. उद्या पावणेपाचला उठायचं होतं, पण ते उद्या.

"कुठं निघाली ही बस?" कुबानचा आवाज आला.

बुरुलने हाताच्या फटीतून पाहिलं. सेझिम चादरीच्या पुढच्या टोकाला ताठ बसली होती, दोन्ही हातांत जेवणाचं ताट चाकासारखं धरून. मागे बापाला आणि भावाला बसवलं होतं.

"डोंगरावर," सेझिम म्हणाली. "बाबा, पाय आत घ्या. आणि हळू बोला, मागे एक बाई झोपलीय."